विकत घेतलेली वस्तू कोणाची?



तुम्ही कधी आमच्या भिवंडीत आलात, तर गल्लीत शिरण्यापूर्वीच यंत्रमागांचा खडखडाट तुमच्या कानी पडेल. यांतील कित्येक माग तीस-चाळीस वर्षांचे जुने आहेत. त्यांचे मालक बदलले, मोटारी बदलल्या; पण घेतला त्या दिवशी माग जे काम करीत होता, ते तो आजही करतो. बिघडला तर जॉबर येतो, पाना फिरवतो, झिजलेला भाग बदलतो आणि धोटा पुन्हा धावू लागतो. माग बनविणाऱ्या कारखान्याला रात्री गुपचूप येऊन त्याचा एखादा भाग काढून नेता येत नाही. कोणी तसे केलेच, तर आपण त्याला सरळ चोरी म्हणू.

आता गावाबाहेर चला. मानकोली, काल्हेर, राहनाळ या बाजूला गोदामांच्या रांगाच रांगा दिसतील. मुंबई-ठाण्याच्या घरोघरी पोहोचणारे मोबाइल फोन, टीव्ही आणि संगणक यांतील पुष्कळसा माल याच गोदामांतून जातो. या खोक्यांतील वस्तू मात्र मागासारख्या नाहीत. त्या आपण पैसे मोजून घरी आणल्यानंतरही, त्या बनविणाऱ्या कंपनीला दूर बसून त्यांत बदल करता येतो. नवी सोय देता येते, तशी असलेली सोय काढूनही घेता येते. हे घडते कसे? ते योग्य केव्हा आणि अयोग्य केव्हा? अयोग्य असेल तर आपण काय करावयाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे आज शोधू.

चित्र आले, आवाज गेला

आधी माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझे वडील शाळेत शिक्षक होते. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाची चित्रफीत आमच्याकडे एका पेन ड्राइव्हवर आहे. वडील आता नाहीत. आई अधूनमधून ती चित्रफीत टीव्हीवर लावून त्यांचे भाषण ऐकते. एके दिवशी सकाळी तिने मला हाक मारली, "अरे, बाबा दिसताहेत, पण बोलत नाहीत!"

मी तारा तपासल्या, पेन ड्राइव्ह संगणकाला लावून पाहिला. तेथे आवाज नीट येत होता. मग ध्यानात आले, की आदल्या रात्री टीव्हीने स्वतःहून 'अपडेट' घेतला होता. कंपनीला फोन केल्यावर तिकडून विचारणा झाली, "पूर्वी आवाज येत होता, याला पुरावा काय?" गेली वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे, की आरंभीचे वाचन नोंदविल्याशिवाय बदल सिद्ध होत नाही. आणि माझ्याच घरातील उपकरणाचे आरंभीचे वाचन माझ्याकडे नव्हते!

सुदैवाने कपाटात टीव्हीची माहितीपुस्तिका सापडली. संच कोणकोणत्या प्रकारचा आवाज वाजवू शकतो, याची यादीच तीत छापली होती, आणि आमच्या चित्रफितीचा प्रकार त्या यादीत होता. तक्रार नोंदविल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ घरी आला. त्याने सांगितले, की ती सोय आता काढून टाकली आहे आणि पूर्वीची आज्ञावली परत बसविता येत नाही. शेवटी मीच संगणकावर त्या चित्रफितीचा प्रकार बदलून घेतला. वडिलांचा आवाज परत आला. परंतु पैसे देऊन घेतलेली सोय गेली, ती गेलीच.

वस्तूचा देह आणि वस्तूच्या आज्ञा

मागाचे काम त्याच्या लोखंडी भागांच्या आकारावर ठरते. आजच्या टीव्हीचे किंवा फोनचे काम दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे त्याचा देह, अर्थात पडदा, मंडले, घट इत्यादी. दुसरी म्हणजे त्या देहाने काय करावयाचे हे सांगणाऱ्या आज्ञांची यादी, म्हणजे आज्ञावली. देह तोच ठेवून आज्ञा बदलल्या, तर उपकरण निराळे वागू लागते. आमच्या टीव्हीचा ध्वनिवर्धक जागच्या जागी होता. विशिष्ट प्रकारे साठविलेला आवाज उलगडण्याची आज्ञा तेवढी नाहीशी झाली होती.

या आज्ञा उपकरणातील 'फ्लॅश' नावाच्या स्मृतीत साठविलेल्या असतात. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८० नंतरच्या काही वर्षांत ही स्मृती तयार केली. तिची रचना मोठी मौजेची आहे. सिलिकॉनच्या चकतीवर असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती सिलिकॉन डाय-ऑक्साइडचे विद्युतरोधक आवरण असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. या आवरणाची जाडी अशा आठ-दहा नॅनोमीटरइतकीच असते. एरवी इलेक्ट्रॉन हे आवरण ओलांडू शकत नाहीत. परंतु पुरेसे मोठे विभवांतर लावले, की ते त्यातून पार होऊन कप्प्यात शिरतात आणि विभवांतर काढल्यावर तेथेच वर्षानुवर्षे अडकून राहतात. कप्प्यात इलेक्ट्रॉन असणे आणि नसणे या दोन स्थिती म्हणजेच शून्य आणि एक. अशा कोट्यवधी शून्य-एकांतून आज्ञावली लिहिली जाते. विभवांतराची दिशा उलट केली, की इलेक्ट्रॉन बाहेर येतात आणि पाटी पुसली जाते. अपडेट म्हणजे ही पाटी पुसून नवी लिहिणे. त्यासाठी पाना लागत नाही की तंत्रज्ञ लागत नाही. इंटरनेटवरून नवा मजकूर आला, की काम झाले.

"मग आपणच जुना मजकूर पुन्हा का लिहू नये?" असे तुम्ही विचाराल. येथे कुलुपाचा प्रश्न येतो. कंपनी आपल्या प्रत्येक आज्ञावलीवर एक गणिती सही करते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, परंतु आलेल्या गुणाकारावरून त्या मूळ संख्या शोधणे अतिशय अवघड, अशा प्रकारच्या गणितावर ही सही उभी असते. उपकरणाला सही ओळखता येते, पण करता येत नाही. ज्या आज्ञावलीवर कंपनीची सही नाही, ती उपकरण स्वीकारत नाही. पुष्कळ उपकरणे क्रमांकही तपासतात आणि आपल्याजवळ आहे त्याहून जुन्या क्रमांकाची आज्ञावली नाकारतात.

हे कुलूप वाईटच आहे, असे मात्र समजू नका. ते नसते, तर कोणाही भामट्याने तुमच्या फोनमध्ये आपल्या आज्ञा घुसवून बँकेचे पैसे पळविले असते. चोरांना शोधून काढलेल्या फटी बुजविण्यासाठी अपडेट आवश्यकच असतात. अडचण इतकीच, की कुलूप तुमच्या घराला आहे आणि किल्ली कंपनीच्या खिशात आहे.

तीन कसोट्या

ज्या दाराने दुरुस्ती आत येते, त्याच दाराने सोय बाहेर जाते. मग योग्य-अयोग्य कसे ठरवावयाचे? मी तीन प्रश्न विचारतो. ग्राहकाला आधी स्पष्ट सांगितले काय? कारण खरे आणि पुरेसे आहे काय? ग्राहकाला नाही म्हणण्याची मुभा किंवा भरपाई मिळाली काय? आता या कसोट्यांवर काही घडलेल्या घटना घासून पाहू.

२०१६ साली सॅमसंग कंपनीच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या घटांना आगी लागू लागल्या. कंपनीने फोन परत मागविले, पैसे किंवा दुसरा फोन देऊ केला. तरीही काही लोक तो वापरीत राहिले. तेव्हा फोनचे चार्जिंगच बंद पाडणारा अपडेट पाठविण्यात आला. सोय काढून घेतली, परंतु कारण जिवाच्या सुरक्षिततेचे होते, ते सांगितले होते आणि भरपाईही होती. तिन्ही कसोट्यांवर ही गोष्ट उतरते.

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ हे खेळयंत्र २००६ साली बाजारात आले. त्यात लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसवून त्याचा संगणक करण्याची सोय होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर अशी सुमारे १,७६० यंत्रे जोडून एक महासंगणकच उभारला. परंतु १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या अपडेटने घरोघरच्या यंत्रांतील ही सोय काढून टाकली. सुरक्षिततेचे कारण कंपनीने आधी जाहीर केले होते. अपडेट नाकारण्याची मुभाही होती, पण ती नावाचीच. कारण नाकारणाऱ्याला इंटरनेटवरील खेळ बंद होत. म्हणजे दोन सोयींचे पैसे घेतले आणि नंतर सांगितले, की यांतील एक निवडा. अमेरिकेतील ग्राहक न्यायालयात गेले. तडजोड होऊन साडेसदतीस लाख डॉलर देण्याचे ठरले, तेव्हा २०१८ साल उजाडले होते.

२०२० च्या डिसेंबरात इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेने एचपी कंपनीला एक कोटी युरो दंड केला. छापयंत्रात दुसऱ्या कंपन्यांची शाई-नळकांडी चालण्यावर असलेली बंधने ग्राहकांना स्पष्ट सांगितली नाहीत, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. येथे पहिलीच कसोटी हुकली.

फोन मंद का झाला?

चौथे उदाहरण तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाशी जोडलेले आहे. ॲपलने २०१७ च्या जानेवारीत आयफोनसाठी एक अपडेट दिला. त्यानंतर काही जुने फोन मंद चालू लागले. नवा फोन खपविण्याची ही युक्ती असावी, असा लोकांना संशय आला. डिसेंबरात कंपनीने कबूल केले, की होय, आम्हीच वेग कमी केला.

कारण खोटे नव्हते. प्रत्येक विद्युतघटाला अंतर्गत रोध असतो. मंडलाला मिळणारे विभवांतर म्हणजे घटाच्या विद्युतगामक बलातून विद्युतधारा आणि अंतर्गत रोध यांचा गुणाकार वजा करून उरलेली राशी. समजा, घटाचे विद्युतगामक बल ३.६ व्होल्ट आहे. नवा असताना त्याचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरू. फोनने घाईच्या कामासाठी २ ॲम्पिअर धारा ओढली, तर ०.२ व्होल्टची घट होऊन ३.४ व्होल्ट उरतात. घट जुना झाला आणि रोध ०.३ ओहम झाला, की तेवढ्याच धारेला ०.६ व्होल्ट आत खर्च होतात व ३.० व्होल्टच उरतात. मंडलाला ३.२ व्होल्ट तरी हवे असतील, तर फोन एकाएकी बंद पडणार. आता आज्ञावलीने वेग कमी करून धारा १ ॲम्पिअरवर आणली, तर ३.३ व्होल्ट उरतात आणि फोन चालू राहतो. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.)

म्हणजे भौतिकशास्त्र कंपनीच्या बाजूने होते. मग चुकले कोठे? घट बदलला असता तर फोन पुन्हा वेगाने चालला असता, ही गोष्ट ग्राहकाला कळली नाही. ती न कळल्यामुळे थोड्या पैशांत घट बदलण्याऐवजी एखाद्याने नवा फोनच घेतला असेल. कंपनीने माफी मागितली आणि घट बदलून देण्याचा दर उतरविला. पुढे घटाची स्थिती फोनवर दिसू लागली आणि मंद करणे बंद ठेवण्याची मुभाही मिळाली. २०२० साली फ्रान्समध्ये ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरो दंड झाला. अमेरिकेतील दाव्यात त्याच वर्षी पन्नास कोटी डॉलरपर्यंत देण्याची तडजोड झाली. खरे कारण असूनही ते लपविले, तर ग्राहकाची हानी होते, हा यातील धडा.

आकाशातून आलेले मौन

आपल्याकडे असे काही घडले नाही, असे समजू नका. २००० च्या मार्चमध्ये वर्ल्डस्पेस कंपनीचा 'एशियास्टार' उपग्रह अवकाशात गेला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो रेडिओचे कार्यक्रम पाठवी. ते ऐकण्यासाठी खास ग्राही संच विकत घ्यावा लागे आणि वर्गणी भरावी लागे. या सेवेचे बहुसंख्य वर्गणीदार भारतातच होते; अभिजात संगीताचे शौकीन तर तिच्यावर विशेष खूश होते. मूळ अमेरिकी कंपनीचे २००८ साली दिवाळे निघाले आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद झाली. घरोघरचे संच जसेच्या तसे होते, पण त्यांना ऐकण्याजोगे काही उरले नव्हते. वस्तूचा देह आपला असला, तरी तिचा प्राण दुसऱ्याच्या सेवेत असू शकतो. म्हणून वस्तू घेतानाच विचारले पाहिजे, की ही सेवा किती वर्षे मिळेल?

कायदा काय म्हणतो?

ग्राहकाची बाजू मांडण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि म्हणूनच तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्या कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आला असून तो २० जुलै २०२० पासून लागू झाला.

या कायद्यात 'अपडेटने सोय काढू नये' असे वेगळे कलम नाही. परंतु 'दोष' या शब्दाची त्यातील व्याख्या नीट वाचा. मालाचा दर्जा कायद्याने किंवा कराराने ठरलेला असेल किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेला असेल. त्यात उणेपणा आला, तर तो दोष होय. म्हणून खोक्यावर, जाहिरातीत, माहितीपुस्तिकेत जे छापले आहे, ते आपले शस्त्र आहे. माहिती मिळण्याचा हक्कही कायद्याने दिला आहे. 'मान्य आहे' हे बटण दाबल्यावर सर्व संपले, असेही नाही. ग्राहकाच्या हक्कांत मोठा प्रतिकूल बदल घडविणाऱ्या अनुचित कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

साधी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल, तर ती जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करता येत असल्याने, कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की बंगळूरूत, भिवंडीकराला ठाण्याच्या आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती केली पाहिजे. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवावे. एकेकट्या तक्रारींची बेरीज होते, हे विसरू नका. आयफोनच्या नव्या अपडेटनंतर फोन नीट चालत नाहीत, अशा तक्रारी या हेल्पलाइनकडे आल्यावरच २०२५ च्या जानेवारीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपल कंपनीला नोटीस पाठविली.

युरोपीय संघाने तर आज्ञावली असलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र नियम केले असून ते २०२२ च्या आरंभापासून लागू आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील हे सांगणे उत्पादकांवर बंधनकारक झाले आहे. आपल्याकडेही अशी वेळ यावी, असे वाटत असेल, तर आधी ग्राहकाने आपली नोंद नीट ठेवावयास शिकले पाहिजे.

करून पाहा

१. घरात नवे उपकरण आले, की एका वहीचे पान त्याच्या नावे काढा. पावती, खोक्याच्या चारही बाजूंचे छायाचित्र आणि माहितीपुस्तिका जपून ठेवा. उपकरणाच्या 'सेटिंग'मध्ये आज्ञावलीचा क्रमांक दिसतो; तो तारखेसह लिहा.

२. अपडेट घेण्यापूर्वी त्यात काय बदलणार आहे, ते वाचा. आपण नेहमी वापरतो त्या पाच-सहा सोयी चालू असल्याची नोंद करा. अपडेटनंतर त्याच सोयी पुन्हा तपासा. सुरक्षेचे अपडेट टाळू नका; फक्त आधीचे वाचन घेऊन मगच ते घ्या.

३. विजेरीचा एक नवा आणि एक वापरून जुना झालेला घट घ्या. दोन्हींचे विभवांतर व्होल्टमीटरने आधी दिवा न जोडता आणि मग छोटा दिवा जोडून मोजा. कोणत्या घटाचे वाचन अधिक उतरते? मंद झालेल्या फोनचे कोडे तुम्हाला आपोआप उलगडेल.

४. शेजारच्या पाच घरी विचारा: अपडेटनंतर एखादी सोय गेली काय? मिळालेली उत्तरे वरील तीन कसोट्यांवर वर्गात तपासून पाहा.

आमच्या घरी आता अशी एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर टीव्हीचा क्रमांक आहे आणि खाली आईने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, "आवाज येतो. तारीख टाकून ठेवली आहे."